सोलोच्या सरावाला बॅकिंग ट्रॅक की लूपर?

गिटारवर पेंटाटॉनिक (पाच सुरांची स्केल) हातात बसली, बेंड (तार ओढून चढवलेले सूर) सुरात लागू लागले, की पुढचा प्रश्न साथीचा. ऐनवेळी सुचेल तसा सोलो वाजवायला शिकायचं तर मागे काहीतरी वाजत असायला हवं. तो तयार बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ असावी, की लूपर पेडलवर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा फिरवणारं, पायाने दाबायचं यंत्र) आपणच भरलेल्या कॉर्ड? मी दोन्हींवर भरपूर वाजवलं आहे. सध्या माझ्या सरावात लूपर जास्त वेळ चालू असतो. पण ट्रॅकची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

ट्रॅकमध्ये ड्रम आणि बेस मिळतात आणि त्यांची जागा दुसरं काही घेत नाही. बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकत्र पडू लागले की हात मोकळा होतो. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. तुमची फ्रेज (सुरांचं एक वाक्य) लांबली तरी पुढचा बार (इथे चार बीटचा तुकडा) त्याच्या वेळेला येतोच. बँडमध्ये वाजवायचं असेल तर ही सवय लागायलाच हवी. आणखी एक फायदा म्हणजे बी फ्लॅटसारख्या स्केलमध्ये गिटारवाले आपणहून फारसे जात नाहीत, तिथे ट्रॅक घेऊन जातो. लूपरवर आपण फिरून फिरून ई आणि ए मध्येच कॉर्ड भरत राहतो.

माझं घोडं अडलं ते एकाच जागी. ए मधला साधा बारा बारचा ब्लूज घ्या. पहिले चार बार ए सेव्हन ही कॉर्ड, पाचव्याला डी सेव्हन. खरी गंमत या चौथ्या-पाचव्या बारच्या सांध्यावर आहे. ए सेव्हनमध्ये सी शार्प असतो, डी सेव्हनमध्ये सी. पाचव्या फ्रेटच्या नेहमीच्या पोझिशनमध्ये तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला सी शार्प आणि पाचव्याला सी. म्हणजे एकच फ्रेट मागे यायचं, पण नेमकं पाचव्या बारच्या पहिल्या बीटवर. तसाच चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा जी, चौथ्या फ्रेटच्या एफ शार्पवर उतरतो. हे साधलं की मागची साथ बंद केली तरी नुसत्या सोलोतून कॉर्ड बदललेली कळते.

आता हिशेब बघा. मिनिटाला ८० बीटच्या टेम्पोला बारा बारचं आवर्तन ४८ बीटचं, म्हणजे ३६ सेकंदांचं. त्यात हा सांधा एकदाच येतो. तो हुकला की पुन्हा येईपर्यंत बोटं पाठ झालेल्या फ्रेजकडे वळतात आणि ट्रॅक इतका भरलेला असतो की त्याही बऱ्या वाटतात. ए मायनर पेंटाटॉनिकमधलं जवळजवळ काहीही त्यावर खपून जातं. मला खुपलं ते हेच. ट्रॅक संथ केला तर तो सांधा आणखी उशिरा येतो. ट्रॅकमधला कीबोर्ड नको असेल तर तोही सहसा वेगळा काढता येत नाही. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून जॅझच्या सरावासाठी साथीच्या रेकॉर्डची जी मालिका काढली, तिच्यात बेस एका चॅनलवर आणि पियानो दुसऱ्यावर ठेवलेला असे. एक बाजू बंद केली की पियानो गेला. आजच्या बहुतेक ट्रॅकमध्ये ही सोय नाही.

लूपरवर मी एक बार ए सेव्हन आणि एक बार डी सेव्हन भरतो. त्याच टेम्पोला सहा सेकंदांचं लूप होतं आणि ३६ सेकंदांत तोच सांधा सहा वेळा समोर येतो. मागे एकटी गिटार असते, त्यामुळे डी सेव्हनवर सी शार्प रेंगाळला तर लगेच कानाला टोचतो. लपायला जागाच नसते. शिवाय कॉर्ड आपल्याच हातांनी भरलेली असते, तिच्यातला कुठला सूर कुठे आहे हे बोटांना आधीच माहीत असतं. सांधा बसला की दोनाचे चार बार करायचे, मग पूर्ण आवर्तन भरायचं.

लूपरचाही एक जाच आहे. लूप बंद करताना पाय पहिल्या बीटवर नेमका पडला नाही, तर ते प्रत्येक फेरीला लंगडतं. मेट्रोनोम लावून भरलं तर हे लवकर सुटतं, आणि माझी लय सुधारली त्यात याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. पिकअप (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) नसलेली अकूस्टिक गिटार मात्र लूपरला थेट जोडता येत नाही, मधे माइक वगैरे लागतो.

आयरियल प्रोसारखं अ‍ॅप मधला मार्ग आहे. त्यात हवे तेवढेच बार फिरवता येतात, स्केल बदलता येते, एखादं वाद्य बंद करता येतं. त्या साथीचा आवाज मला फार वेळ ऐकवत नाही, पण हे माझ्या कानांपुरतं. पेडल घ्यायचंच नसेल तर हा मार्ग चांगला.

तुमच्या बार कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा एकदम दाबून धरायच्या कॉर्ड) अजून स्वच्छ वाजत नसतील, तर लूपर सध्या राहू द्या, कारण कच्ची कॉर्डच पुन्हा पुन्हा ऐकावी लागेल. लवकरच बँडबरोबर उभं राहायचं असेल तर ट्रॅकवरच घाम गाळा. पण बरेच दिवस ट्रॅकवर वाजवूनही सगळे सोलो एकाच साच्याचे येत असतील, तर मी लूपरच सुचवेन. घेताना मिनिटांच्या आकड्याला भुलू नका. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिटो या छोट्या लूपरवरही पाच मिनिटांचं लूप मावतं, आणि या सरावाला दहा सेकंदही पुष्कळ होतात. त्यापेक्षा बटणं बघा. एकाच बटणाच्या पेडलवर थांबण्यासाठी पटकन दोनदा दाबावं लागतं. घरच्या सरावाला ते चालतं, पण स्टेजवर न्यायचा विचार असेल तर थांबवायचं बटण वेगळं असलेला घ्या.