लाइफ जॅकेट: सात महिन्यांचा अनुभव, तासगावच्या विहिरीपासून देवबागच्या खाडीपर्यंत

ऑक्टोबरमध्ये चार लाइफ जॅकेटं घरी आणली तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, सांगलीत यांचं काय काम? पण पाण्याची धास्ती आम्हाला समुद्रावर जाऊन शिकावी लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. त्याच पुरात ८ तारखेला ब्रह्मनाळला नाव उलटली. तेव्हापासून होडीत पाय ठेवला की माझी नजर आधी जॅकेट शोधते.

फेब्रुवारीत मालवणजवळच्या देवबागहून दिवसभरासाठी खासगी बोट करायची, हे ठरलेलं होतं. सोबत आई, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. बोटीवर जॅकेटं असतात, पण आधीच्या एका सहलीत मुलांच्या मापाचं एकही नव्हतं. मोठ्यांचंच हिच्या अंगात घातलं, आणि खांद्यांना धरून उचलून पाहिलं तर ते थेट कानांपर्यंत आलं. ती सबंध फेरी मी तिचा दंड धरून बसलो होतो.

घेताना रंग आणि खिसे बघू नका, आतल्या पट्टीवरचा न्यूटनचा आकडा वाचा. साधारण दहा न्यूटन म्हणजे एक किलोची उचल. ५० न्यूटनचं जॅकेट चांगलं पोहता येणाऱ्यांसाठी आणि काठाजवळच्या पाण्यासाठी. आडोशाच्या पाण्याला १००, खुल्या समुद्राला १५०. आम्ही मोठ्यांसाठी १०० ची घेतली. काठ न सोडता फिरायचं होतं म्हणून ती पुरली, खोल समुद्रात जायचं असतं तर ती घेतली नसती. मुलांचं जॅकेट मात्र वयावर घेऊ नका, वजनावर घ्या. मुलगी चोवीस किलोची, तिचं वीस ते तीस किलोचं आहे.

आणलेली वस्तू आधी पाण्यात घालून बघायची होती. कृष्णेत उतरायची सोय नाही, आपल्याकडे नदीत मगरी आहेत. म्हणून तासगावजवळ मामांच्या मळ्यातली विहीर गाठली. मी तिथेच पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं बिंडं बांधून पोहायला शिकलो. बिंडं छातीवरून करकचून बांधलेलं असायचं, म्हणून ते हलायचं नाही. मुलीचं जॅकेट मात्र पाण्यात पडताच वर सरकलं आणि हनुवटी आत गेली. तिला तरंगवत ठेवणारा फोम शाबूत होता, पण पोर त्यातून निसटत होती. त्या जॅकेटला मांड्यांमधून घ्यायचा पट्टा नव्हता. मुलांसाठी तोच पट्टा सगळ्यात महत्त्वाचा, आणि दुकानात त्याबद्दल एक शब्द कुणी काढला नव्हता. याचा मला अजून राग आहे. ते परत केलं, पट्ट्याचं आणलं, पुन्हा विहिरीत सोडलं. या वेळी ती उताणी होऊन निवांत तरंगली, नाकतोंड पाण्याबाहेर.

पट्ट्याची अडचण आईच्या बाबतीतही येईल असं वाटलं होतं. पाचवारी साडीत तो घेता येत नाही, निऱ्या आड येतात. पण आई नऊवारी नेसते. कासोट्यामुळे पट्टा नीट बसला. पाचवारी नेसणाऱ्या बायकांनी बोटीच्या दिवशी सलवार घालावी, हे मी आता प्रत्येकीला आवर्जून सांगतो.

राधानगरी, फोंडा घाट करून आदल्या रात्री पोचलो. बोटीच्या दिवशी षष्ठी होती. किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी. आम्ही साडेसातला निघालो तेव्हा कर्लीच्या खाडीचं पाणी जोरात बाहेर ओढत होतं, आणि जिथे ते समुद्राच्या लाटेला भिडतं तिथे लाटा उभ्या राहत होत्या. वारा जवळजवळ नव्हता, तरी बोटीचं नाक चांगलं दोन हात वर जाऊन खाली आपटलं. बायकोला पोहता येत नाही. तिने पट्टे पुन्हा एकदा ओढून घेतले. खाडीचं तोंड पार झालं असं वाटून मी बकल सोडायला हात नेला, तर बोट चालवणारा तांडेल म्हणाला, "अजून लाट आसा, जाकीट काढू नकात." नाही काढलं. पुढे भोगव्याचा किनारा, निवतीचा किल्ला आणि त्याच्या अलीकडे तीन डॉल्फिन. मुलगी काठावर वाकून बघत होती, आणि मी पहिल्यांदाच तिचा दंड सोडून स्वतः डॉल्फिन बघितले. या खरेदीचं सगळं मोल मला त्या दोन मिनिटांत मिळालं.

भोगव्याला नांगर टाकून पाण्यात उतरलो. चौघंही नीट तरंगलो, आईसुद्धा. परतताना दुपारचे खारे वारे सुटले होते, तरी भरतीचं पाणी आत घेत होतं, म्हणून खाडीचं तोंड सकाळपेक्षा सोपं गेलं.

आता तक्रारी. फेब्रुवारीच्या उन्हातही जॅकेट अंगात फार तापतं, आत सुती कपडा हवाच. मुलीच्या मानेला कड घासून लाल वळ उठला, पुढच्या वेळी मऊ पंचा गुंडाळला. वाळू गेल्यावर माझं बकल अडकलं, ते गोड्या पाण्यात हलवत बसल्यावर सुटलं. बायकोच्या जॅकेटची चेन धातूची निघाली, महिनाभरात गंजली. चेन प्लास्टिकची आहे का ते घेतानाच पाहा. आणि माझी चूक अशी की धुऊन गच्चीवर उन्हात टांगली. दोनदा असं केल्यावर नारंगी रंग उतरला. ऊन कापड कुजवतं, सावलीत वाळवायची. बोटीत उशीसारखी बुडाखाली घेऊ नका, फोम दबतो आणि उचल कमी होते. शिट्टी मात्र चारही जॅकेटांची ओली असताना वाजली.

मुलगी आता सत्तावीस किलोची झालीय. दिवाळीपर्यंत पुढचं माप लागेल, आणि तिचं हे जॅकेट मामांच्या नातवासाठी मळ्यावर जाईल.