थंडीत सेस्ना कॅरावॅन हे छोटं विमान कुठे ठेवायचं, गरम हँगरमध्ये की बाहेर कव्हर घालून?

सू लुकआउटला, म्हणजे कॅनडातल्या उत्तर ऑन्टारिओत, मी दोन हिवाळे विमान गरम हँगरमध्ये ठेवलं आणि पुढचे तीन बाहेर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या उघड्या जागेत. तुमचं शेड्यूल वेगळं असेल, ते धरून वाचा.

हँगरचं सुख खरंच मोठं आहे. बाहेर उणे ३२ आणि तुम्ही आत स्वेटरवर वॉकअराउंड (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी) करताय, ऑइल पातळ, बॅटरी तरतरीत, स्टार्ट करताना एनजी (इंजिनाच्या गाभ्याचा वेग) झटकन १२ टक्क्यांच्या वर जातो आणि फ्युएल दिलं की आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) शांतपणे चढतो. हेच रात्रभर गारठलेल्या बॅटरीवर करून बघा, एनजी रेंगाळतो आणि आयटीटी १०९० अंशांच्या मर्यादेकडे धावत सुटतो, काळजाचं पाणी होतं.

तरी माझं मन हँगरवरून उडालं ते ओल्या पंखामुळे. कडाक्याच्या थंडीत आभाळ बहुतेक कोरडं असतं, बर्फ पडतो तो उणे पाच-दहाला, आणि गरम पंख बाहेर काढला की तो बर्फ आधी वितळतो आणि पंख गार होत गेला की तिथेच गोठून बसतो. गार पंखावरचा भुरभुरीत बर्फ झाडूने उडतो, हा नाही उडत. एकदा ओढून बाहेर काढणं, सामान, प्रवासी यात वीसेक मिनिटं गेली, पंखावर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर. असा थर चिकटलेला असताना टेकऑफ करायचा नाही हा कॅनडात नियमच आहे, आणि कॅरावॅनच्या पंखाला तो झेपतही नाही. सगळ्यांना उतरवलं, डी-आइसिंग करून बर्फ काढला, दोन तास गेले. त्या महिन्यात असं तीनदा झालं. शिवाय ओले ब्रेक बाहेर आल्यावर गोठतात ते वेगळंच.

बाहेर ठेवायचं तर पंख-शेपटीला कव्हर, इंजिनावर ब्लँकेट, इनटेक-एक्झॉस्टला प्लग, रात्रभर इलेक्ट्रिक हीटर, बॅटरी काढून घरात आणि सकाळी जीपीयूवर (बाहेरून वीज देणाऱ्या यंत्रावर) स्टार्ट. कॅरावॅनच्या पीटी-६ टर्बाइन इंजिनात स्टार्टरला प्रॉप (पंखा) फिरवावा लागत नाही, त्यामुळे पिस्टन इंजिनवाल्यांइतका जीव जात नाही, पण ऑइल उणे ४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. वाऱ्यात कव्हर घालताना बोटं बधिर होतात हे कबूल, आणि पंख ओला असताना घातलं तर सकाळी कव्हरच चिकटून बसतं, म्हणून आधी कोरडा करावा लागतो.

रात्री तीनला मेडेव्हॅकला, म्हणजे रुग्णाला विमानाने हलवायला, निघायचं असेल तर बहुधा हँगरच घ्या. पण उत्तरेच्या गावांत मुक्काम पडला की तिथे हँगर नसतो, हे सगळं सामान तसंही बाळगावंच लागतं. मी आता फक्त उणे ३५ च्या खालचा अंदाज असेल तर एका रात्रीपुरती जागा घेतो, आणि त्या सकाळी बर्फ पडत असेल तर पंख पुरता गार होईपर्यंत हँगरचं दार उघडं ठेवून थांबतो.