दक्षिण कॉकेशसचा घडीचा नकाशा: पुढची बाजू चोख, मागची अपुरी

गेल्या सप्टेंबरात जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीहून रस्त्याने आर्मेनियात जाण्यापूर्वी मी तिथल्या एका पुस्तकांच्या दुकानातून दक्षिण कॉकेशसचा घडीचा नकाशा 35 लारींना विकत घेतला आणि पुढचे अकरा दिवस तो रोज उघडला. आवृत्ती 2024 ची आहे. प्रमाण एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर असून पश्चिमेला तुर्कस्तानातील कार्स व इग्दिर, पूर्वेला अझरबैजानमधील गांजा शहर आणि दक्षिणेला अरास नदीपर्यंतचा प्रदेश एकाच कागदावर येतो. कागद जाड आहे, घड्यांवर अजून एकही चीर गेलेली नाही आणि डोंगरांचा चढउतार दाखवणारी छटा डोळ्यांना सुखावणारी आहे. मात्र आर्मेनिया, अझरबैजान आणि तुर्कस्तान यांच्या सीमा दाखवणाऱ्या नकाशाला एवढ्यावर पास करता येत नाही. या सीमांपैकी जवळजवळ प्रत्येक रेषेला एखाद्या तहाची तारीख चिकटलेली आहे, आणि ती तारीख वाचकाला किती प्रामाणिकपणे सांगितली आहे हेच मी मुख्यतः पाहिले.

खोर विराप मठाच्या कट्ट्यावर नकाशा पसरला तेव्हा त्याची ताकद कळली. समोर अरारात पर्वत इतका जवळ दिसतो की तो दुसऱ्या देशात आहे हे मनाला पटत नाही; नकाशावर मात्र मठ आणि पर्वत यांच्यामधून अरास नदीबरोबर जाणारी सीमा स्पष्ट दिसते. उत्तरेला हीच सीमा अखुरियान नदीच्या पात्रातून जाते आणि अनी या मध्ययुगीन आर्मेनियन राजधानीचे अवशेष नदीच्या तुर्की काठावर राहतात. नदीची आर्मेनियन व तुर्की अशी दोन्ही नावे, अखुरियान आणि अर्पाचाय, छापली आहेत. 1993 पासून बंद असलेल्या या सीमेवरचा ग्युम्री ते कार्स लोहमार्ग आणि मार्गारा येथील पूल, दोन्हींवर बंद असल्याची खूण आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानातील भूकंपानंतर मदतीचे ट्रक याच पुलावरून गेले होते, त्यामुळे त्या छोट्याशा खुणेकडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

माझी मुख्य तक्रार मागच्या बाजूची आहे. तिथे तहांची एक पाटी दिली आहे: 1828 चा तुर्कमेनचाय, 1878 चा बर्लिन, 1920 चा सेव्र आणि त्यानंतर थेट 13 ऑक्टोबर 1921 चा कार्स. यात 16 मार्च 1921 चा मॉस्कोचा तह गाळला आहे, आणि ही चूक किरकोळ नाही. मॉस्कोचा तह सोव्हिएत रशिया आणि अंकारा येथील राष्ट्रीय सभेचे सरकार या दोघांमध्ये झाला. त्यावर आर्मेनियाची सही नाही आणि अझरबैजानचीही नाही. तरीही कार्स, अर्दाहान आणि अरारातसह सुर्मालूचा प्रदेश तुर्कस्तानकडे राहील व नखचिवान (आर्मेनियामुळे अझरबैजानच्या मुख्य भूमीपासून तुटलेला भाग) हा अझरबैजानच्या संरक्षणाखालील स्वायत्त प्रदेश असेल, हे तिथेच ठरले. सात महिन्यांनी कार्समध्ये आर्मेनिया, अझरबैजान आणि जॉर्जिया या तीनही कॉकेशस प्रजासत्ताकांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या त्या बहुतांशी आधीच ठरलेल्या रेषेवर. फक्त कार्सचे नाव वाचणाऱ्याला वाटेल की शेजाऱ्यांनी एकत्र बसून सीमा ठरवली. आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये या तहाविषयी इतकी कडवट नाराजी का आहे, याचे अर्धे उत्तर त्या गाळलेल्या ओळीत आहे.

पाटी आणखी एक फरक सांगत नाही. कार्स 1878 पर्यंत ऑटोमन साम्राज्यात होते, त्यामुळे तुर्कस्तान ते परत मिळाले असे म्हणू शकत होता. सुर्मालू मात्र रशियाने 1828 मध्ये इराणकडून घेतले होते. दोन्ही प्रदेश एकाच रंगात रंगवले की दोन वेगळे दावे एकच भासतात. सेव्रच्या तहानुसार अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी नोव्हेंबर 1920 मध्ये आखून दिलेली आर्मेनियाची सीमा मात्र बारीक हिरव्या रेषेने, ‘अंमलात न आलेली’ असे स्पष्ट लिहून दाखवली आहे. हे योग्यच केले, कारण ही रेषा अनेक ठिकाणी कधीकाळची खरी सरहद्द असल्यासारखी काढली जाते.

आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या सीमेचे काम अधिक काळजीपूर्वक झाले आहे. 2015 च्या अदलाबदलीपूर्वी भारत-बांगलादेश सीमेवर असलेल्या छिटमहालांसारखे शेजारी देशाने वेढलेले तुकडे इथेही आहेत आणि ते सगळे दाखवले आहेत. आर्त्सवाशेन हा आर्मेनियाचा तुकडा 1992 पासून अझरबैजानच्या ताब्यात आहे, तर नखचिवानचे कार्की 1990 पासून आर्मेनियाच्या ताब्यात आहे. येरेवानहून दक्षिणेकडे जाणारा मुख्य रस्ता कार्कीतून जातो. नकाशा मांडीवर नसता तर आपण कागदोपत्री अझरबैजानी असलेल्या जमिनीवरून चाललो आहोत हे मला कळलेही नसते. मे 2024 मध्ये तावुश भागात चार गावांच्या ठिकाणी आखली गेलेली 12.7 किलोमीटरची नवी सीमा जाड रेषेने आणि उरलेली सीमा तुटक रेषेने दिली आहे, हा तपशील मला फार आवडला.

त्याच दक्षिणेच्या रस्त्यावर पुढे मात्र नकाशाने फसवले. गोरिस ते कापान हा जुना महामार्ग अजून लाल रंगात, सलग दाखवला आहे. तो अनेकदा सीमा ओलांडतो, 2021 मध्ये त्यावर अझरबैजानच्या चौक्या आल्या आणि आता वाहने तातेवमार्गे जातात. तातेवचा रस्ता नकाशावर साधा पिवळा आहे. चालकाने वेळीच सांगितले म्हणून आमचा दिवस वाया गेला नाही.

ज्यावरून आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात युद्धे झाली तो अझरबैजानमधील काराबाखचा भाग सर्वांत नाजूक आहे. सोव्हिएत काळातील स्वायत्त प्रदेशाची हद्द 1923 ते 1991 अशी वर्षे देऊन राखाडी ठिपक्यांनी दाखवली आहे. खानकेंदी या अझरबैजानी नावाच्या खाली आर्मेनियन स्तेपानाकेर्त, तसेच शुशाच्या खाली शुशी असे लिहिले आहे. पण दुहेरी नावे या दोन शहरांपाशीच थांबतात. येरेवानमध्ये मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाई सप्टेंबर 2023 मध्ये काराबाख सोडलेल्या लाखाहून अधिक आर्मेनियनांपैकी एक. त्यांना नकाशावर मार्ताकेर्त सापडेना. शेवटी सरसंग जलाशयावर बोट ठेवून ते हळूहळू पूर्वेकडे सरकवत त्यांनी गाव ओळखले. तिथे फक्त अघदेरे हे अझरबैजानी नाव लिहिले होते. सीमेच्या दुसऱ्या बाजूलाही हीच उणीव आहे. 1988 नंतर आर्मेनियातून आणि पुढे काराबाखभोवतालच्या जिल्ह्यांतून लाखो अझरबैजानींना घरे सोडावी लागली, आणि त्यांच्यापैकी कुणी वार्देनिसच्या जागी बासारगेचार शोधू लागला तर त्यालाही ते मिळणार नाही. प्रकाशकाने दोन्ही देशांत गावपातळीपर्यंत जुनी नावे बारीक अक्षरात द्यावीत, जागा आहे.

8 ऑगस्ट 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली आणि आर्मेनियाच्या दक्षिण टोकाच्या मेघ्रीजवळून नखचिवानकडे जाणाऱ्या मार्गाबाबत सहमती झाली. नकाशा त्याआधीचा असल्याने तिथला अरासकाठचा लोहमार्ग वापरात नसल्याचे दाखवतो, त्याला दोष देता येणार नाही.

येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी राहणाऱ्या आपल्या मुलांनी आणि या भागात रस्त्याने फिरणाऱ्या कुणीही हा नकाशा जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन तारे. स्युनिक या दक्षिण आर्मेनियातल्या प्रांतातील रस्त्यांसाठी तेवढे स्थानिक चालकाला विचारावे. माझ्या प्रतीच्या मागच्या पाटीवर सेव्र आणि कार्स यांच्या मध्ये मी शाईने ‘मॉस्को, 16 मार्च 1921’ असे लिहून घेतले आहे, आणि सरसंगच्या पूर्वेला त्या बाईंनी स्वतःच्या हाताने आर्मेनियन अक्षरांत गावाचे नाव लिहिले आहे.