फॅक्टरी काडतूस की हाताने भरलेलं? .308 वाल्यांसाठी तुलना

काडतुसांच्या डब्यावर छापलेला गोळीचा वेग तुमच्या रायफलचा नसतो. हे एकदा पक्कं झालं की निम्मा गोंधळ मिटतो.

फेडरल गोल्ड मेडल मॅच, 168 ग्रेन वजनाची सिएरा मॅचकिंग गोळी: .308 विंचेस्टर या रायफलच्या कॅलिबरमध्ये बरेच जण याच काडतुसाशी तुलना करतात. डब्यावर 2650 फूट प्रति सेकंद असं लिहिलेलं असतं. .308 चे असे आकडे साधारणपणे 24 इंची चाचणी-नळीतले असतात. तुमची नळी 20 इंची असेल तर प्रत्येक इंचामागे 20 ते 25 फूट वजा करा. तेच काडतूस तुमच्याकडे 2550 ते 2570 च्या आसपास जाईल, आणि त्यात रायफलचा काहीही दोष नाही. पण घरी भरताना 2650 गाठायचेच या हट्टाने कोणी पावडर (दारू) वाढवत गेला, तर तो फॅक्टरीची बरोबरी करत नसतो, चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीतला, दाब फॅक्टरीच्या पुढे नेत असतो. .308 साठी सामी या अमेरिकी संस्थेने घातलेली कमाल मर्यादा 62,000 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आहे, आणि घरी दाब मोजायचं साधन कोणाकडे नसतं. चपटा झालेला प्रायमर (बुडातली पेट घेणारी टिकली), जड उचलला जाणारा बोल्ट (चेंबर बंद करणारा खटका), केसच्या म्हणजे पितळी कवचाच्या बुडावर उमटलेली, रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची चकचकीत खूण या सगळ्या खुणा उशिरा दिसतात. त्याआधीचा इशारा क्रोनोग्राफ हे गोळीचा वेग मोजणारं यंत्रच देतं: नळीची लांबी हिशेबात धरूनही काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमधल्या कमाल वेगाच्या वर गेलात, तर दाबही वर गेलाच.

म्हणून हाताने भरायचं ठरवलं तरी पहिली खरेदी फॅक्टरीच्या डब्याचीच करावी. आपल्या नळीतून दहा गोळ्या क्रोनोग्राफवरून झाडा, सरासरी काढा. तुमचं लक्ष्य तो आकडा.

आणखी एक मोह टाळा. फॅक्टरीचं काडतूस उघडून आतली पावडर वजन करायची आणि बाजारातली तशीच दिसणारी पावडर तेवढीच भरायची, हा सरळ रायफल फोडायचा रस्ता आहे. कारखाने अनेकदा किरकोळ बाजारात न मिळणारी पावडर वापरतात. दाणे सारखे दिसले म्हणून जळण्याचा वेग सारखा नसतो. छापील मॅन्युअलमधली गोळी, केस, प्रायमर आणि पावडर जशीच्या तशी घ्या, सुरुवातीच्या मापापासून हळूहळू वर या.

आता अचूकता. साधं, स्वस्त फॅक्टरी काडतूस वापरत असाल तर हाताने भरल्याचा फरक पहिल्याच दिवशी कागदावर दिसतो. मॅच दर्जाच्या फॅक्टरी काडतुसापुढे मात्र फरक आक्रसतो. कारखान्याला प्रत्येकाच्या चेंबरमध्ये बसेल असं काडतूस करावं लागतं, तुम्हाला फक्त स्वतःच्या. गोळी किती खोल बसवायची हे तुमच्या नळीच्या आतल्या पीळदार खाचा कुठे सुरू होतात ते पाहून ठरवता येतं, तोच मुख्य फायदा. मॅगझिनमधून भरणार असाल तर तोही अर्धा जातो, कारण काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनमध्ये मावेल त्यापुढे नेता येत नाही. आणि तीन गोळ्यांच्या गटावरून निकाल लावू नका. निदान दहा गोळ्या हव्यात.

वेगातला सारखेपणा कधी महत्त्वाचा? दोन गोळ्यांच्या वेगात 30 फुटांचा फरक असेल तर 100 मीटरवर त्याने जेमतेम दोनेक मिलिमीटर वर-खाली होतं. 600 मीटरवर तोच फरक दहा सेंटिमीटरच्या घरात जातो. 300 मीटरच्या आत मारणाऱ्याने या आकड्यापायी झोप घालवू नये.

हाताने भरण्याची खरी किंमत केस तयार करण्यात आहे. रीसायझिंग डाय (झाडलेली केस पुन्हा मूळ मापात दाबणारा साचा) गरजेपेक्षा जास्त खाली फिरवली की केसचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, मागे सरकतो, दर वेळी झाडताना पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर केस आतून पातळ होते. बाहेरून तिथे फिकट चमकदार कडं दिसतं. बारीक तारेचं टोक वाकवून केसच्या आतून बुडाकडून वर ओढा. तार खाचेत अडकली तर ती केस फेकून द्या, नाहीतर कधीतरी बूड चेंबरमध्येच तुटेल. बोल्ट-अॅक्शन रायफलला झाडलेल्या केसच्या मानाने खांदा 0.05 मिलिमीटर मागे पुरतो. केसची लांबी 51.18 मिलिमीटरच्या वर गेली की मान चेंबरच्या टोकाला आवळली जाते, गोळी सुटत नाही, दाब उसळतो, 50.93 पर्यंत कापा. लष्करी केस बहुधा जाड भिंतीची, म्हणजे आत जागा कमी. तिच्यात नेहमीचं माप भरू नका, आणि वेगवेगळ्या केस एकाच डब्यात मिसळू नका. वंगण कमी पडलं तर केस डायमध्ये अडकते, जास्त झालं तर खांद्यावर पोचा पडतो.

.308 ची एक सोय: योग्य पावडर केसचा बराच भाग भरते, त्यामुळे चुकून दोनदा ओतली तर ती बाहेर सांडते. तरी भरलेल्या सगळ्या केसमध्ये टॉर्च मारून पाहिल्याशिवाय गोळी बसवायची नाही. रिकामी राहिलेली केसही तितकीच वाईट, कारण नुसत्या प्रायमरने गोळी नळीत अडकते आणि पुढची तिच्यावर आदळते.

पैसे वाचतात का? केस पुन्हा वापरली जाते, त्यामुळे दर काडतुसामागे वाचतात. पण प्रेस, डाय, तराजू, कॅलिपर, ट्रिमर आणि क्रोनोग्राफ यांचा खर्च आधी वसूल व्हावा लागतो. वर्षाला चार-पाच डबे संपवणाऱ्याने या भानगडीत पडू नये. दुर्मीळ कॅलिबर असेल, किंवा 600 मीटरच्या पुढे स्पर्धा खेळायची असेल, तर पर्याय नाही. भरण्याआधी परवान्याचे नियम मात्र तपासा, अनेक ठिकाणी काडतूस बनवण्याला वेगळी परवानगी लागते. .22 रिमफायरवाल्यांना (ज्यात प्रायमरचं मिश्रण केसच्या कडेतच असतं) हा प्रश्न पडतच नाही. ती केस पुन्हा भरण्यासारखी नसते.

फॅक्टरीचंच घ्यायचं ठरलं तर दोन-तीन ब्रँडचा एकेक डबा झाडून पाहा. जो जुळेल त्याच्या त्याच लॉट नंबरचे (एकाच खेपेत बनलेले) डबे एकदम घ्या. लॉट बदलला की वेग आणि शून्य (ठरलेल्या अंतरावरची नेमाची जुळणी) दोन्ही पुन्हा तपासावे लागतात.