राजारामपुरीतलं फॉर्म भरून देणारं दुकान

कोल्हापुरात रोजगार मेळावा होता, म्हणून भाचीला घेऊन इथं आलो. दुकानातला पोरगा चलाख. महास्वयम या राज्य सरकारच्या नोकरीच्या पोर्टलवर नोंदणी करायच्या आधी आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का, ते त्यानं बघितलं. बँकेच्या फॉर्मसाठी फोटो 20 ते 50 केबीत बसवला, सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं परत करायला लावली. बायोडाट्यात मात्र सगळ्यांना एकच छंद: वाचन, संगीत, क्रिकेट! आमच्या भाचीनं कधी बॅट धरली नाही, खोडायला लावलं. ईमेल स्वतःचाच द्या, दुकानाचा टाकला तर मुलाखतीचा निरोप तिथंच पडून राहतोय. दर वाजवी, झेरॉक्स स्वच्छ. दुपारी जाऊ नका, शटर खाली असतंय.