ठाण्यातला इंग्रजी वाक्यं वाढवायला शिकवणारा क्लास: आठ रविवार, साडेसहा हजार आणि एक धावणारी चप्पल

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये, कारण शेवटी शेवटी पैशांवरून आमची कुरबुर झाली आणि ती अजून मिटलेली नाही. नौपाड्यात, गोखले रोडवरून आत वळलं की दुसरा मजला, खाली झेरॉक्सवाला, एवढं पुरे. तरी लिहितेय कारण तिथे जे शिकायला मिळालं ते मला आख्ख्या शाळा-कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं, आणि जे पैशाचं झालं तेही लोकांना कळायला पाहिजे.

मी ऐरोलीत राहते, तिथल्याच एका आयटी पार्कात बॅक ऑफिसला आहे, इन्शुरन्स क्लेमचं काम, दिवसाला तीस-चाळीस मेल परदेशात जातात. शिक्षण मराठी मीडियम. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून सुरू झालं २००० साली, तोवर आम्ही दहावीला टेकलो होतो. ग्रामर तसं पक्कं आहे हां माझं, इज-आर चुकत नाही, पण मेल लिहायला बसले की असं व्हायचं: द क्लेम इज पेंडिंग. वन डॉक्युमेंट इज मिसिंग. प्लीज सेंड. संपला मेल. अप्रेझलला टीम लीड म्हणाला, मॅडम तुमचा मेल म्हणजे तार आल्यासारखी वाटते, उघडायला भीती वाटते. आता तार २०१३ सालीच बंद झाली, या पोराने ती कधी बघितली असेल देव जाणे, पण मुद्दा बरोबर होता.

मला वाटायचं माझ्याकडे शब्द कमी आहेत. म्हणून आधी वर्षभर ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्या उभ्या मोबाईलवर रोज दहा नवीन शब्द पाठ केले, काय फरक पडला नाही, फक्त त्याच तारेत एखादा जड शब्द जाऊन बसला.

मग या क्लासची जाहिरात दिसली, वाक्यविस्तार, आठ रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, फी ६,५०० रुपये. शिकवणारे सर रिटायर्ड आहेत, साठी ओलांडलेली, शर्ट इन केलेला, खिशात दोन पेनं. पहिल्या रविवारी ना ओळखपरेड ना काही, आले आणि फळ्यावर लिहिलं: द ट्रेन लेफ्ट. गाडी सुटली. म्हणाले हे पूर्ण वाक्य आहे, काही चूक नाही, आता मला विचारा कुठली गाडी, कुठून, कधी, कशी, कोणाला घेऊन. आम्ही आपले डोंबिवली फास्ट, पनवेल स्लो वगैरे सुरू झालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठाण्यात बसून गाडीचं वाक्य करताय आणि ठाण्याला आलेली पहिली गाडी कोणालाच आठवत नाही होय? आणि खडू घेऊन हे लिहिलं, मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं: ऑन द आफ्टरनून ऑफ १६ एप्रिल १८५३, अ ट्रेन ऑफ फोर्टीन कॅरेजेस, पुल्ड बाय थ्री एंजिन्स नेम्ड साहिब, सिंध अँड सुलतान, लेफ्ट बोरीबंदर फॉर ठाणे, कॅरिंग अबाउट फोर हंड्रेड गेस्ट्स.

बघायला केवढं मोठं वाक्य! मग त्यांनी डस्टर घेऊन एकेक तुकडा पुसायला सुरुवात केली. तारीख पुसली, वाक्य उभं. चौदा डबे पुसले, तरी उभं. तिन्ही इंजिनं पुसली, चारशे पाहुणे उतरवले, बोरीबंदरही पुसलं, आणि शेवटी फळ्यावर राहिलं परत तेच, अ ट्रेन लेफ्ट. हाडं तीच, म्हणाले, बाकी सगळं अंगावरचं. कुठला तुकडा नामाला चिकटलाय आणि कुठला क्रियापदाला एवढं ओळखता आलं की झालं. चौदा डबे आणि तीन इंजिनं गाडीची, तारीख आणि बोरीबंदर सुटण्याचं. माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं.

पण खरी गंमत दुसऱ्या रविवारी. सरांनी एक मराठी वाक्य दिलं, काल तुर्भ्याहून आलेला, निळ्या शर्टातला, सारखा फोनवर बोलणारा मुलगा आज आला नाही. याचं इंग्रजी करा. बावीस जणांपैकी (बावीसचं नंतर सांगते) जवळजवळ सगळ्यांनी मी केलं तेच केलं, चार तुकडे. वन बॉय केम येस्टरडे. ही केम फ्रॉम तुर्भे. ही वोअर अ ब्लू शर्ट. असं. सर म्हणाले, बघा, चुका कोणाच्याच नाहीत, पण तुम्ही सगळे घाबरलात. का घाबरलात सांगू? मराठीत वरात कशी असते, बँड पुढे, नाचणारे पुढे, नवरदेव सगळ्यात मागे घोड्यावर. आपलं आलेला, शर्टातला, बोलणारा हे सगळं पुढे नाचत येतं आणि मुलगा मागून येतो. इंग्रजीत एक-दोन छोटी विशेषणं तेवढी पुढे चालतात, बाकी नवरदेव आधी काढायचा आणि वऱ्हाड मागून: द बॉय इन द ब्लू शर्ट हू केम फ्रॉम तुर्भे येस्टरडे अँड वॉज ऑलवेज ऑन द फोन.

अहो, मी अक्षरशः पेन खाली ठेवलं. कारण वर्षानुवर्षं माझं हेच होत होतं! डोक्यात मराठी वरात तयार व्हायची, ती इंग्रजीत तश्शीच पुढे लावली की वाक्य वेडंवाकडं दिसायचं, मग चूक नको म्हणून मी तोडून टाकायचे आणि तार पाठवायचे. शब्द कमी नव्हतेच, ते लावायची जागा उलटी होती. आपली शब्दयोगी अव्ययं पण बघा की, टेबलावर, घरासमोर, सगळी शब्दाच्या मागे, आणि त्यांची ऑन द टेबल, इन फ्रंट ऑफ द हाऊस, सगळी पुढे. एका बाईंनी विचारलं की हू-व्हिचवाली उपवाक्यं आम्हाला जमतच नाहीत, तर सर म्हणाले, ताई, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, म्हणता ना घरी? मग जमतात की तुम्हाला. आपण जो-तोची जोडी लावतो, ते तो टाकून देतात आणि जो नामाच्या मागे बसवतात, एवढंच.

चप्पल आली चौथ्या रविवारी. आदल्या आठवड्याचा होमवर्क होता, आयएनजीवाला तुकडा लावून पाच वाक्यं. मी लिहिलं होतं, रनिंग फॉर द ट्रेन, माय चप्पल ब्रोक. सरांनी मोठ्याने वाचलं आणि एकदम गंभीर चेहऱ्याने विचारलं, ताई, तुमची चप्पल कुठली गाडी पकडत होती? वर्ग हसला, मला काही कळेना, कारण मराठीत गाडीसाठी धावताना माझी चप्पल तुटली यात काय चुकलंय, रोज कोणीतरी म्हणतंच की. तर तोच तर घोळ आहे. आपल्या धावतानामध्ये धावणारा एक आणि तुटणारं दुसरंच असलं तरी चालतं, ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत सुरुवातीला लटकवलेला तुकडा कॉमाच्या पुढच्या पहिल्या नामाला जाऊन चिकटतो, म्हणजे धावली चप्पल. दुरुस्त कसं, व्हाइल आय वॉज रनिंग फॉर द ट्रेन, माय चप्पल ब्रोक. धावणाऱ्याला आत आणून बसवलं की भांडण मिटलं. मी ऑफिसात जाऊन माझे जुने मेल काढून बघितले तर काय, आफ्टर चेकिंग द फाइल, द क्लेम वॉज रिजेक्टेड. क्लेमनेच स्वतःची फाईल तपासली आणि स्वतःलाच रिजेक्ट केलं! असे अकरा मेल सापडले, मोजायचं मग सोडून दिलं.

कॉमाचा तास पण भारी होता. माय ब्रदर हू लिव्ज इन ऐरोली असं बिनकॉमाचं लिहिलं की अर्थ होतो माझे भाऊ बरेच, त्यातला ऐरोलीवाला. दोन्ही बाजूंना कॉमा दिले की भाऊ एकच आणि तो राहतो ऐरोलीत, ही जादा माहिती. म्हणून आईबद्दल लिहिताना कॉमा विसरायचा नाही, नाहीतर आया चार-पाच होतात. आणि कॉमावाल्या ठिकाणी दॅट चालत नाही, हू किंवा व्हिचच. आमच्या कामात हे चेष्टेचं नाही हो, द क्लेम्स व्हिच आर इनकम्प्लीट विल बी रिटर्न्ड म्हणजे फक्त अर्धवट क्लेम परत येणार, आणि त्यातच दोन कॉमा टाकले की सगळेच क्लेम अर्धवट आणि सगळेच परत. दोन कॉमांवर किती फोन आले असतील मला आत्तापर्यंत.

विशेषणांच्या क्रमाचा तास मात्र मला फुकट गेल्यासारखा वाटला. मत, मग आकार, मग वय, मग रंग, मग कुठलं, मग कशाचं, असं अख्खं कोष्टक, अ लव्हली लिटल ओल्ड ब्रास लॅम्प वगैरे. खरं आहे ते, ब्रास ओल्ड लिटल केलं की कानाला खटकतंच, पण एका समईला चार विशेषणं कोण लावतं? अडीच तास त्यावर काढायची गरज नव्हती.

अजून एक गोष्ट जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यांनाच वाक्यं फुगवायचा रोग होतो. आम्हाला आय एट मिसळ हे वाक्य वाढवून आणायला सांगितलं होतं, तर एकाने मामलेदारच्या मिसळीवर असं वाक्य आणलं की लाल, तिखट, झणझणीत, वाफाळती, डोळ्यांत पाणी आणणारी करत करत मिसळ खायची वेळच आली नाही, वाक्य रश्श्यातच बुडालं. मीही तेच केलं, ऑफिसात एक मेल सात ओळींच्या एका वाक्याचा पाठवला, समोरून उत्तर आलं, सॉरी, व्हॉट डू यू नीड फ्रॉम मी? शरमच वाटली. सरांना दाखवला तर त्यांनी रागावणं बाजूलाच, पाचवा रविवार आख्खा कापाकापीवर घेतला. वेरी काढा, सडनली काढा, जे वाचणाऱ्याला आधीच माहितीये ते काढा, आणि उरलेल्यातला एक तुकडा असा निवडा जो काढला तर काम अडेल. माझ्या मेलमधून शेवटी एवढं राहिलं: द क्लेम यू सबमिटेड ऑन मंडे इज पेंडिंग बिकॉज द डिस्चार्ज समरी, व्हिच द हॉस्पिटल शुड हॅव स्टॅम्प्ड, इज मिसिंग. एका वाक्यात कुठला क्लेम, का अडकला, कोणाकडून काय आणायचं, सगळं आलं. टीम लीडने अंगठा दिला त्याला, म्हणजे आमच्याकडे पद्मश्रीच.

आता रडगाणं. बॅच बाराची असेल असं फी घेताना सांगितलं होतं, निघालो बावीस. एसी एक, तोही सरांच्या डोक्यावर, मागच्या रांगेत पंखा. नोट्स म्हणून जे देतात ते कुठल्यातरी झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स, कॉमाच्या पानावर कॉमाच उठलेले नव्हते, मी हाताने काढले. व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचं एक वाक्य आलं की त्यावर सतरा गुड मॉर्निंगची फुलं. आणि मुख्य म्हणजे सहा रविवार झाल्यावर सर आजारी पडले, त्यांचं काही नाही, वय आहे, पण ऑफिसवाल्यांनी शेवटचे दोन रविवार सरळ रद्द केले आणि त्याऐवजी एक जुनं रेकॉर्डिंग पाठवलं ज्यात सरांपेक्षा खालच्या रिक्षांचा आवाज जास्त. पैसे परत मागितले तर काउंटरवरची मुलगी म्हणते ॲडव्हान्स बॅचला ॲडजस्ट करू, नऊ हजार आहे, तुम्हाला साडेआठला देते. ही कुठली ॲडजस्टमेंट, मॅथ्सचा पण क्लास काढा म्हणावं.

रविवारचा मेगाब्लॉक असेल तर ऐरोलीकडून यायचं जरा बघून निघा, मी एकदा दिघा गावच्या पुढे वीस मिनिटं गाडीत बसून काढली आणि आयएनजीचा अर्धा तास गेला. ठाण्याला उतरल्यावर नऊ-दहा नंबरवरून पुलाने नौपाड्याच्या बाजूला यायला गर्दीत दहा मिनिटं धराच.

जायचं की नाही विचाराल तर सर शिकवणार असतील तर जा, आणि ते लिहून घ्या ऑफिसकडून, फी दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता पाचव्या रविवारनंतर. ज्यांना बोलायचं इंग्रजी हवंय त्यांनी जाऊ नका, इथे कोणी तोंड उघडायला लावत नाही, सगळं लिहिण्याचं आहे. दहावी-बारावीच्या मुलांना निबंधासाठी उपयोग होईल, माझ्या भाच्याला मी वरातीचं सांगितलं तर त्याने लगेच उचललं, पण आता तो मराठीच्या पेपरात पण नवरदेव पुढे काढतोय त्याचं काय करायचं बघते.

परवा परत मेसेज आला त्यांचा, ॲडव्हान्स बॅच स्टार्टिंग सून, लिमिटेड सीट्स. मी उत्तर टाकलं: द लास्ट टू सेशन्स, व्हिच वी हॅड ऑलरेडी पेड फॉर, वर नेव्हर हेल्ड. कॉमा दोन्ही बाजूंना, तपासून. दोन निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर आज चौथा दिवस नाही.