अ‍ॅफिलिएट आणि नेटवर्क मार्केटिंग एकत्र करून पाहिलं: वर्षभराच्या वापरानंतर, उदगीरहून

उदगीरात माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं छोटं दुकान आहे. त्याच्या जोडीला गेलं वर्षभर दोन कामं एकत्र करतेय. एक, डायरेक्ट सेलिंग कंपनीची घरगुती उत्पादनं विकणं आणि त्यात माणसं जोडून आपली टीम करणं, यालाच नेटवर्क म्हणतात. आणि दुसरं, ऑनलाइन वस्तूंच्या अ‍ॅफिलिएट लिंक देणं, म्हणजे आपल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली तर आपल्याला कमिशन मिळतं. "टीम बसेपर्यंत हातात काही येत नाही, तोवर लिंकवर कमवा," असं आता मीटिंगांमधून सांगायला लागलेत. आमच्या भागातल्या बऱ्याच बाया मला विचारतात की यात खरं किती. म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही.

मत आधीच सांगून टाकते. सुरुवातीच्या महिन्यांत अ‍ॅफिलिएटनं मला खरंच हात दिला. पण ते पैसे नेटवर्कच्या दरमहा खरेदीत जाऊ दिले असते, तर दोन्ही कामं करून वर्षाखेर काहीच शिल्लक राहिलं नसतं. मीटिंगमध्ये ही बाजू कुणी मांडत नाही.

नेटवर्कचं गणित असं. आयडी लागली, म्हणजे कंपनीत विक्रेता म्हणून नाव नोंदलं, की माल डीपीत, म्हणजे विक्रेत्यासाठीच्या कमी दरात मिळतो. समजा एमआरपी ५०० ची वस्तू डीपीत ४०० ला पडली, तर गिऱ्हाइकाला विकून १०० रुपये आपले. हा नफा पहिल्या विक्रीपासून मिळतो, त्यात कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. वरचं कमिशन मात्र टीमच्या बीव्हीवर, म्हणजे खरेदीवर कंपनी जे गुण धरते त्यावर चालतं. माझ्या कंपनीत आपल्याखाली जोडलेल्यांच्या लेफ्ट आणि राइट अशा दोन्ही बाजूंचा व्यवसाय जुळला तरच ते निघतं, आणि ते मिळायला आपली आयडी अ‍ॅक्टिव्ह पाहिजे. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या बीव्हीची खरेदी, माल विकला जावो न जावो. माझी टीम कितीतरी महिने नणंद आणि दुकानात येणाऱ्या दोन ताई एवढीच होती. एवढ्यावर जुळणारं कमिशन आणि अ‍ॅक्टिव्ह राहायचा खर्च यांचा मेळ बसत नाही.

अ‍ॅफिलिएटला माल भरावा लागत नाही, पैसे गुंतवावे लागत नाहीत. पण "लगेच कमाई" हे काही खरं नाही. अ‍ॅमेझॉनच्या प्रोग्राममध्ये लिंक उघडल्यापासून २४ तासांत गिऱ्हाइकानं वस्तू कार्टमध्ये टाकली नाही, तर कमिशन आपल्या नावावर लागत नाही. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेलं धरत नाहीत. वस्तू परत गेली की कमिशनही जातं. आणि महिना संपल्यावर पैसे यायला साधारण ६० दिवस लागतात, म्हणजे दिवाळीच्या महिन्यातली कमाई वर्ष संपता संपता, नाहीतर नव्या वर्षातच खात्यात येते. पहिल्या महिन्याचा खर्च यातून भागेल असं धरून कुणी उधारी करू नये.

टक्केवारीही वस्तूप्रमाणे बदलते. समजा ५ टक्क्यांच्या गटातला २,००० चा मिक्सर गेला तर १०० रुपये. मोबाइल मोठ्या किमतीचा असला तरी त्याचा दर फार कमी असतो, म्हणून मोबाइलच्या ऑफरमागे धावणं मी लवकरच सोडलं.

चाललं काय, तर आपल्या लोकांना खरोखर लागणाऱ्या वस्तूंच्या याद्या. सगळ्यात जास्त चालली ती लातूरला क्लाससाठी राहायला जाणाऱ्या पोरापोरींची यादी. दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यातली घरंच्या घरं लातूरची खोली शोधायला लागतात. आईवडिलांना काय घ्यावं ते कळत नाही. घडीचं टेबल, चार्जिंगचा दिवा, एक्स्टेंशन बोर्ड, पातळ गादी, कुलूप लागणारी पेटी. माझ्या भाचीची खोली लावताना जे जे लागलं, ते मी फेसबुक पेजवर लिंकांसकट टाकलं. सोबत काय घेऊ नका तेही लिहिलं. इलेक्ट्रिक किटली बऱ्याच वसतिगृहांत चालत नाही, आधी विचारून घ्या. बादली-मग इथल्याच बाजारात स्वस्त मिळतो. या "घेऊ नका" मुळेच लोकांचा विश्वास बसला असं मला वाटतं, कारण त्यानंतर अनोळखी गावांहून, अगदी गंगाखेड, कळमहून चौकश्या यायला लागल्या. सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर घरात पैसा येतो तेव्हा मिक्सर, कुकर चालतात. येळवसाच्या, म्हणजे शेतात जेवण नेऊन साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या आधी पाण्याचे मोठे जार आणि आंबील न्यायला घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे चालले. पुण्या-मुंबईच्या याद्यांत हे कुठून असणार!

प्रत्येक यादीच्या वर मी स्पष्ट लिहिते: या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही. जाहिरातींच्या मानक परिषदेचे २०२१ पासून आणि सरकारचेही नियम तसेच आहेत. शिवाय प्रत्येक प्रोग्रामच्या अटी मराठीत समजून घ्या. बंद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये लिंक टाकणं सगळीकडे चालत नाही, त्यावरून खातं बंद होऊ शकतं. मी म्हणून सगळं उघड पेजवरच टाकते.

दोन कामांची गाठ पडली ती पाण्यावरून. आमच्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं. हीटरच्या रॉडवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. रॉड कसा साफ करायचा यावर मी एक पोस्ट टाकली, तर खाली एका मावशींनी विचारलं, "कपड्याला काय वापरतीस गं? आमच्यात तर फेसच येईना बग." मी कंपनीचं कपडे धुवायचं लिक्विड वापरत होते, तेच सांगितलं. त्या दुकानात येऊन अर्धा लिटर घेऊन गेल्या आणि पुढच्या महिन्यात जावेला घेऊन आल्या. माझी आजची नेटवर्कमधली बरीचशी कमाई अशा घेऊन परत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या डीपी-एमआरपीतल्या फरकाची आहे. अ‍ॅफिलिएटच्या पोस्टनं माणसं आणली, मालानं टिकवली. हे एकत्र करण्याचा खरा फायदा मला इथंच दिसला.

कंपनीची प्रोटीन पावडर मात्र मी विकत नाही. किंमत आपल्याकडच्या कुटुंबांना झेपणारी नाही. "शुगर जाते" म्हणून विका असं एका बैठकीत सांगितलं, तेव्हा मी साफ नकार दिला. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. आणि शुगरची गोळी बंद करून कुणी पावडरीवर राहिलं तर त्याचं पाप कुणाच्या माथी?

वादही झाला. माझ्या अपलाइन मॅडमचं, म्हणजे ज्यांनी मला नेटवर्कमध्ये जोडलं त्यांचं म्हणणं होतं, लिंकवर आलेल्या प्रत्येकाला लगेच प्लॅन दाखवा, "चार जणी आणा, तुमची खरेदी फुकट" असं सांगा. डायरेक्ट सेलिंगचे नियम २८ डिसेंबर २०२१ ला आले आहेत. इतरांना आणलं की तुमची किंमत वसूल होईल असं सांगून माल घ्यायला लावणं त्यात मना आहे. माणसं जोडण्यावरच पैसे देणारी पिरॅमिड योजनाही चालत नाही. विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ न घेता कुणाच्या घरी जाऊ नये, हेही त्यात आहे. मी ते छापून दुकानात ठेवलंय. फसवणूक वाटली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे येणाऱ्या बायांना मी आधी सांगते, नंतर माल दाखवते.

आता कुणी "मलाही काम पाहिजे" म्हणून आली तर मी तिची आयडी लावत नाही. आधी अ‍ॅफिलिएटचं खातं काढून देते, ते फुकट आहे. तीन-चार महिने तिनं स्वतःच्या ओळखीतल्यांसाठी चांगल्या याद्या करून बघाव्यात. लोक तिचं ऐकून वस्तू घेतात का ते त्यात कळतं. मग तिला वापरून आवडलेलं एखादं उत्पादन असेल, तरच पुढचं बोलणं. टीम यानं हळू वाढते, मॅडम नाराज आहेत. पण बचत गटातल्या माझ्या मैत्रिणीचे पैसे मी कुणाच्या लेफ्ट-राइटसाठी अडकू देणार नाही.

हिशोबाच्या दोन वह्या ठेवा, हे सगळ्यांना कळकळीनं सांगते. एकीत अ‍ॅफिलिएटचे आलेले, नुसते दिसणारे नव्हे, खात्यात जमा झालेले पैसे. दुसरीत नेटवर्कची खरेदी, विक्री, शिल्लक माल, मीटिंगला लातूरला जायचं भाडं. माझ्या दुसऱ्या वहीत बरेच महिने वजाबाकीच निघाली, आणि ती दिसली म्हणूनच अ‍ॅक्टिव्ह राहण्यासाठीची खरेदी मी थांबवली. त्यानं जुळणारं कमिशन गेलं, पण ते खरेदीपेक्षा कमीच होतं. आता ऑर्डर असेल तेवढाच माल मागवते. पॅन कार्ड दोन्हीकडं द्या. एकाकडून वर्षात २०,००० च्या वर कमिशन झालं की २ टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापतात, पॅन नसेल तर २० टक्के. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो.

सध्या अ‍ॅफिलिएटचे महिन्याला दीड-दोन हजार येतात, दिवाळीच्या आणि जूनच्या महिन्यात दुपटीच्या वर. नेटवर्कचे विक्रीतून हजार-बाराशे सुटतात. शिवणकाम अजून पहिलंच काम आहे. येत्या जूनसाठी नांदेडला क्लासला जाणाऱ्यांची यादी करायला घेतलीय. तिथं पोरं ठेवलेल्या आयांनी काय लागलं, काय वाया गेलं ते कळवलंत तर त्यात घालीन.